लहान कुत्र्यांची सरकणारी गुडघ्याची वाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉमेरियन, पग, शिह त्झू ही कुत्री आता नागपूर-अमरावतीपुरती राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावी आणि खेड्यातल्या घरांतही ती दिसतात. त्यांच्या मागच्या पायाची एक तक्रार सारखी कानावर येते, आणि बहुतेक घरांत तिला "खोड" समजून वर्षभर सोडून दिलं जातं. ती खोड नसते. टोंगळ्याची वाटी जागेवरून सरकत असते.

धावता धावता एक मागचा पाय उचलतं, तीन-चार उड्या तीन पायांवर मारतं, मग पुन्हा नीट चालतं. हे काय आहे?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, समोरच्या बाजूने, पन्हाळीसारखी एक खाच असते. गुडघा वाकला-सरळ झाला की वाटी त्या खाचेत वर-खाली सरकते. वाटीच्या वर मांडीचा मोठा स्नायू आणि खाली नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला जोडणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा. हे सगळं एका रेषेत असेल तर वाटी खाचेत राहते. लहान जातींत खाच उथळ असते, मांडीचं किंवा नडगीचं हाड थोडं वळलेलं असतं आणि तो खालचा उंचवटा आतल्या बाजूला सरकलेला असतो. स्नायू ओढला गेला की वाटी खाचेचा काठ ओलांडून आत, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने, पडते.

वाटी खाचेबाहेर असेपर्यंत गुडघा सरळ होत नाही, म्हणून कुत्रं पाय उचलून धरतं. मग पाय मागे ताणतं किंवा झटकतं, वाटी परत खाचेत बसते, आणि चाल पूर्ववत होते. दुखणं सुरुवातीला फार नसतं, म्हणून कुत्रं रडतही नाही. पण प्रत्येक वेळी काठावरून जाताना वाटीच्या आतल्या बाजूचं गुळगुळीत कूर्चेचं अस्तर घासलं जातं. ते अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

बैलाची वाटी अडकते तेव्हा डॉक्टर उभ्या उभ्या एक पट्टा कापून देतात. कुत्र्याचं तसं का करत नाहीत?

कारण आजारच वेगळा आहे. गाय, बैल आणि म्हशीत वाटीपासून खाली तीन लिगामेंट जातात. त्यांच्यात वाटी वर चढून मांडीच्या हाडाच्या आतल्या काठावर अडकते, पाय मागे ताठ राहतो आणि झटक्याने सुटतो. आतलं लिगामेंट कापलं की वाटी अडकायला जागा उरत नाही. बाकीची दोन काम सांभाळतात. कुत्र्याला असं लिगामेंट एकच असतं. ते कापलं तर गुडघा सरळ करण्याची ताकदच जाईल. म्हणून "ढोरासारखं करून द्या" असा आग्रह कोणत्याही डॉक्टरकडे धरू नका.

हे कोणत्या कुत्र्यांत जास्त होतं?

पॉमेरियन, चिहुआहुआ, टॉय पूडल, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, शिह त्झू. गावात ज्याला "पामेरियन" म्हणतात ते बरेचदा इंडियन स्पिट्झ असतं, त्यालाही होतं. अनेक कुत्र्यांत दोन्ही मागच्या पायांची वाटी कमी-जास्त सैल असते, म्हणून एका पायाची तक्रार असली तरी तपासणी दोन्ही पायांची करून घ्यायची. मोठ्या जातींत वाटी बाहेरच्या बाजूलाही सरकते, पण लहान कुत्र्यांत बहुतेक वेळा आतच.

डॉक्टर "ग्रेड दोन", "ग्रेड तीन" म्हणतात. त्याचा अर्थ काय?

हाताने तपासून ठरवतात, त्यासाठी मशीन लागत नाही.

ग्रेड १: वाटी बोटाने ढकलली तर खाचेबाहेर जाते, बोट काढलं की आपोआप खाचेत येते. रोजच्या चालण्यात त्रास क्वचित.

ग्रेड २: वाटी स्वतःहून अधूनमधून बाहेर जाते आणि पाय ताणेपर्यंत किंवा हाताने बसवेपर्यंत बाहेरच राहते. वर सांगितलेल्या "तीन उड्या" बहुधा याच ग्रेडच्या.

ग्रेड ३: वाटी बहुतेक वेळ बाहेरच. हाताने बसवता येते, पण सोडली की पुन्हा निसटते.

ग्रेड ४: कायम बाहेर, हातानेही बसत नाही. पिल्लू गुडघे वाकवून, ढुंगण खाली टाकून चालतं. पाय धनुष्यासारखे दिसतात.

एक गोष्ट फसवते. दोन्ही पाय सारखेच खराब असतील तर कुत्रं लंगडत नाही, कारण वजन टाकायला चांगला पायच नसतो. ते पुढच्या पायांवर झुकतं, बाजेवर उडी मारणं बंद करतं, फिरायला नेलं तर मधेच बसतं. घरचे म्हणतात "आळशी झालं". अशा कुत्र्याच्या मांडीला हात लावून पाहा. मागच्या मांड्या सडपातळ आणि छाती-खांदे भरलेले असतील तर गुडघे तपासून घ्या.

घरी कसं ओळखायचं, आणि डॉक्टरांना काय दाखवायचं?

दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं लंगडायचं विसरतं. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. सपाट अंगणात किंवा पांदणीवर कुणाला तरी दोरी धरून दहा-पंधरा मीटर दुडक्या चालीने न्यायला सांगा. एकदा मागून, एकदा बाजूने, कॅमेरा कुत्र्याच्या पाठीच्या उंचीवर धरून. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर तेही वापरा. सकाळी उठल्या उठल्या आणि खेळून झाल्यावर, असे दोन व्हिडिओ पुरेत.

हात लावून पाहायचं असेल तर कुत्रं शांत उभं असताना गुडघ्याच्या समोर अंगठा आणि तर्जनी ठेवा. तीन किलोच्या कुत्र्याची वाटी भिजवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढी लागते. पाय हलकेच वाकवला-सरळ केला तर तो दाणा मधल्या रेषेत वर-खाली जायला हवा. आतल्या बाजूला टकटक करत घसरला तर तेवढं कळणं पुरे. मुद्दाम ढकलून ग्रेड ठरवायला जाऊ नका, आणि बाहेर अडकलेली वाटी जोर लावून बसवू नका. दुखल्यावर लाडकं कुत्रंही चावतं.

लंगडण्याची दुसरी कारणं कोणती?

आपल्याकडे ही यादी आधी पाहायची, वाटीचं नंतर. वावरातून आलेल्या कुत्र्याचा पंजा उलटा करून बोटांच्या मधली जागा उजेडात पाहा. बाभळीचा काटा, गोखरू, कापून टाकलेल्या पऱ्हाटीचं टोक. काट्याचं लंगडणं सतत असतं आणि कुत्रं पंजा चाटतं. वाटीचं लंगडणं येतं-जातं आणि कुत्रं पंजा चाटत नाही.

गोचिडताप हे दुसरं मोठं कारण. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात सांधे दुखतात, ताप येतो, जेवण सुटतं, कधी आज हा पाय तर उद्या तो पाय लंगडतो. वाटी सरकल्याने ताप येत नाही. ताप असेल तर रक्त तपासा.

चार ते अकरा महिन्यांच्या लहान जातीच्या पिल्लात मांडी झपाट्याने वाळत असेल आणि पाय मागे ओढला की ते ओरडत असेल तर दुखणं खुब्यात असू शकतं. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो झिजतो. त्याला एक्स-रे लागतो, आणि उपचार पूर्ण वेगळा आहे.

तोपर्यंत घरातली दुखण्याची गोळी दिली तर चालेल का?

नाही. इथे कोणतीही सवलत नाही.

हिशेब पाहा. मेलॉक्सिकॅम हे औषध कुत्र्यांनाही देतात. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनी मूत्रपिंड आणि पोट ठीक असल्याचं पाहून. तीन किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस झाला ०.३ मिलिग्रॅम. माणसांची लहान गोळी ७.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे पंचवीसपट. "अर्धीच दिली" म्हटलं तरी बारापटीहून जास्त. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांनी कुत्र्याच्या आतड्याला व्रण पडतात, काळी शी होते, मूत्रपिंडं बंद पडतात. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडांमुळे आली, पण कुत्र्यालाही ते औषध घातकच.

चुकून दिली गेली असेल तर गोळीचं पाकीट घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलटीची वाट पाहत बसू नका.

मालिश, डाग, पट्टी, यांचा उपयोग?

मोहाच्या टोळीचं तेल असो की तिळाचं, मालिश केल्याने उथळ खाच खोल होत नाही. कुत्रं तेल चाटतं आणि हगवण लागते, एवढंच. माणसांचे दुखण्याचे बाम लावू नका. त्यातला कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट चाटून पोटात गेला तर विषबाधा होते. तापलेल्या सळईने डाग देणं हे क्रौर्य आहे आणि त्याने वाटीचं काहीही होत नाही; जखम मात्र चिघळते. गुडघ्यावर बांधायचे पट्टे लहान कुत्र्याच्या निमुळत्या मांडीवर टिकत नाहीत, खाली घसरून पाय सुजवतात.

पिल्लाला कॅल्शियमचं सिरप देतो. त्याने वाटी घट्ट होईल ना?

वाटी सैल असणं हे कॅल्शियमच्या कमतरतेचं लक्षण नाही. पाकिटातलं चांगलं पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला वरून सिरप दिलं तर कॅल्शियम जास्त होतं आणि हाडांची वाढ बिघडू शकते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे बरीच पिल्लं दूध-भाकर किंवा वरण-भात एवढ्यावर वाढतात, काही नुसत्या बिनहाडाच्या मटणावर. भाकरीत आणि मटणात स्फुरद जास्त, कॅल्शियम फार कमी. वरचं थोडंसं दूध ती तूट भरून काढत नाही. अशा पिल्लांची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. लोक त्यालाही "वाटी" म्हणतात. म्हणून डॉक्टरांना पिल्लू दिवसभरात नेमकं काय खातं ते सांगा: किती भाकरी, किती दूध, अंडं किती वेळा. उपाय त्यावर ठरतो. सिरपची बाटली स्वतःच्या मनाने उघडायची नाही.

वजनाचा एवढा आग्रह का?

कारण ग्रेड १ आणि २ मध्ये तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं औषध तेच आहे. तीन किलोच्या मोठ्या झालेल्या, नसबंदी केलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २५० कॅलरी लागतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस असतात. सकाळी चहासोबत दोन, दुपारी मुलांनी दोन, संध्याकाळी आजीने एक, की जवळपास निम्मं जेवण बिस्किटांतच झालं, आणि ताट वेगळंच.

बरगड्या दिसू नयेत, पण केसांतून हात फिरवला की दाबल्याशिवाय लागाव्यात. वरून पाहिलं तर छातीच्या मागे कंबर दिसली पाहिजे. स्पिट्झ, पॉमेरियनच्या केसांत चरबी लपते, त्यामुळे डोळ्यांवर जाऊ नका. दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर टोपल्यासकट वजन करा, टोपलं वजा करा, कॅलेंडरवर लिहा. तीन किलोच्या कुत्र्याचं ३०० ग्रॅम वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वाढणं.

घरात काय बदल करावा?

शेणाने सारवलेली जमीन या कुत्र्यांना चांगली; पंजा धरून राहतो. त्रास होतो तो नव्या टाइल्सच्या आणि घोटीव फरशीच्या घरात. कुत्रं रोज ज्या वाटेने जातं, दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथे जुनं पोतं किंवा सतरंजी घट्ट बसवून टाका, सरकणारी नको. तळव्यांमधले केस कापा, नखं जमिनीला टेकणार नाहीत एवढी ठेवा. बाज, ओटा, मोटारसायकलची टाकी, इथून उडी मारू देऊ नका. उतरवताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. पुढचे दोन पाय धरून उचलायचं नाही.

चालवणं बंद करू नका. मांडीचा स्नायू बळकट असेल तर वाटी जागेवर राहायला मदत होते. दोरीला धरून रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं, हळू. धुऱ्याच्या हलक्या चढावर संथ चालणं उत्तम. बसवून उठवणं, पाच वेळा, दिवसातून दोनदा. चेंडू फेकून एकदम वळायला लावणारे खेळ मात्र बंद. उन्हाळ्यात पहाटे साडेसहाच्या आतच. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात, आणि चपट्या नाकाच्या पगला उष्माघात व्हायला थोडीशी धावपळ पुरते.

ऑपरेशन कधी लागतं, आणि कुठे होतं?

ग्रेड १ ला सहसा नाही. ग्रेड २ मध्ये लंगडणं वाढत असेल, दुखत असेल तर. ग्रेड ३ आणि ४ मध्ये बहुतेक वेळा लागतं. वाढत्या पिल्लात ग्रेड ३-४ असेल तर "मोठं झाल्यावर पाहू" हे महागात पडतं. स्नायूच्या तिरक्या ओढीने हाड महिन्यागणिक वळत जातं आणि पुढे हाड कापून सरळ करण्याची वेळ येते. असं पिल्लू तीन-चार महिन्यांचं असतानाच तज्ज्ञाला दाखवा.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी आणि ग्रेड कळू शकतो. तिथलं मुख्य काम जनावरांचं असलं तरी विचारायला संकोच करू नका. ऑपरेशनसाठी हाडांच्या शस्त्रक्रियेची सोय लागते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, विदर्भात आधी चौकशी करण्याच्या जागा. निघण्याआधी फोन करून शल्यचिकित्सा विभागाचा वार आणि वेळ विचारा. खर्च विचारताना एक्स-रे, रक्त, भूल, पिना, नंतरची औषधं, हे वेगवेगळं विचारा. दोन्ही पाय करायचे असतील तर मधे किती आठवडे ठेवणार तेही.

ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

खाच खोल करतात: कूर्चेसकट हाडाचा तुकडा उचलून, खालचं थोडं हाड काढून, तोच तुकडा परत बसवतात, म्हणजे गुळगुळीत अस्तर शाबूत राहतं. नडगीवरचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि बारीक पिनांनी पक्का करतात. हे हाडाची वाढ संपल्यावरच, म्हणून पिल्लांत डॉक्टर वेगळी पद्धत निवडतात. सांध्याच्या आतल्या बाजूचं ताणलेलं आवरण सैल करतात, बाहेरच्या बाजूचं आवळतात. नुसतं आवरण आवळून हाड तसंच ठेवलं तर वाटी पुन्हा सरकण्याची शक्यता जास्त. "यातलं काय काय करणार?" हा प्रश्न नक्की विचारा.

आधी रक्त तपासा, त्यात प्लेटलेट पाहाच. गोचिडतापात प्लेटलेट घटतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. दोन किलोच्या आतलं पिल्लू रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरून बेशुद्ध पडू शकतं.

ऑपरेशन झाल्यावर घरी काय करायचं?

इथेच जास्त बिघडतं. आठवड्याभरात कुत्रं पाय टेकू लागतं, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि ते ओट्यावरून उडी मारतं. पिना सरकतात, उंचवटा उपटून येतो, पुन्हा ऑपरेशन.

पहिले दोन आठवडे तीन बाय तीन फुटांचं कुंपण किंवा पिंजरा, खाली गोधडी. बाहेर फक्त शी-शूसाठी, दोरीला धरून, पाच मिनिटं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर चोवीस तास. रात्री काढली की टाके चाटून उघडतात. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, दिवसातून तीनदा, दहा मिनिटं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जखमेवर हळद, राख, तेल काहीही लावायचं नाही. पावसाळ्यात माश्या बसू देऊ नका. एका दिवसात अळ्या पडतात. कुत्रं मच्छरदाणीत ठेवलं तर उत्तम.

तिसऱ्या आठवड्यापासून हळू चालणं, पाच मिनिटांपासून, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे. हाड जुळल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत उडी नाही, पायऱ्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही.

दोन आठवडे उलटूनही पाय अजिबात टेकत नसेल, टेकणारा पाय एकदम उचलला असेल, जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

सहा-सात वर्षं अधूनमधून लंगडत होतं, आता पाय टेकतच नाही. वाटी अडकली का?

तसं असेलच असं नाही. वाटी वर्षानुवर्षं आत पडत राहिली की गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड एकत्र धरणाऱ्या क्रूसिएट लिगामेंटवर ताण येतो आणि मध्यम वयात ते तुटतं. दोन-तीन दिवस पाय उचललेलाच राहिला तर हा संशय घ्यायचा. वाटीचं जुनं निदान हातात आहे म्हणून जुनंच औषध पुढे चालू ठेवू नका, गुडघा नव्याने तपासून घ्या.

पिल्लू विकत घेताना काय पाहायचं?

कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिन्याचं पिल्लू पिशवीतून आणून देणाऱ्याकडून घेऊ नका. आई दाखवायला सांगा, तिला अंगणात चालवून पाहा. पैसे देण्याआधी डॉक्टरांकडून दोन्ही गुडघे तपासून घ्या. अगदी लहान पिल्लांचे सांधे सैलच असतात, म्हणून एकदा "ठीक" म्हटलं की संपलं नाही; प्रत्येक लसीच्या वेळी, मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा.

आमच्या मादीला ग्रेड दोन आहे, पण फार देखणी आहे. एकदा पिल्लं घेतली तर?

घेऊ नका. हा दोष रक्तात उतरतो, आणि एकाच जनुकाचा नसल्याने "नर चांगला पाहिला" म्हणून टळत नाही. ऑपरेशन करून नीट चालणारी मादीसुद्धा तोच वारसा पुढे देते. ऑपरेशनने हाड बदलतं, वंश बदलत नाही. तिची नसबंदी करा. आधीच्या वेतातली पिल्लं ज्यांच्याकडे दिली असतील त्यांना निरोप धाडा, म्हणजे ते आपल्या पिल्लाचे गुडघे वेळेत तपासून घेतील.